वॉटसन्स हॉटेल : आख्यायिका आणि स्थापत्य

प्रस्तावना
मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, याविषयीचे लेखन बहुधा दोन गोष्टींभोवती फिरते. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला व त्या अपमानातून १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही पहिली. तिच्या सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. दुसरी, ७ जुलै १८९६ रोजी येथे झालेला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ. ती ऐतिहासिक घटना आहे. परंतु दोन्ही गोष्टी इमारतीत काय घडले एवढेच सांगतात. इमारत काय आहे, हे सांगत नाहीत.

स्थापत्याचे महत्त्व
१८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यानंतर एस्प्लनेडवर नव्या बांधकामांना जागा मिळाली. जॉन वॉटसन यांच्यासाठी या इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने केला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामाचा अनुभव त्याच्यापाशी होता. ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईस आणण्यात आले व १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडण्यात आले. मजल्यांचा भार लोखंडी सांगाडा पेलतो. विटांच्या भिंती केवळ भरणीच्या आहेत. जवळच्याच मुंबई विद्यापीठाच्या गॉथिक वास्तू जाड दगडी भिंतींवर उभ्या आहेत. येथे मात्र खांब व तुळया दर्शनी भागातच उघड्या दिसतात. धातूच्या सांगाड्यासाठी नावाजलेली शिकागोची होम इन्शुरन्स इमारत १८८५ मधील आहे. यावरून थेट प्रभाव सिद्ध होत नाही, तथापि कालक्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. अर्थात, हे आधुनिक तंत्र युरोपीय पाहुण्यांच्या सोयीसाठी राबविले गेले, ही वसाहतकालीन विसंगतीही नोंदविली पाहिजे.

निष्कर्ष
हा प्रश्न केवळ इतिहासलेखनाचा नाही. २००५ मध्ये इमारतीच्या सज्जांचा काही भाग कोसळला. २००६ च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच यादीत तिचा समावेश होता. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर संवर्धनतज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले. आख्यायिका जपण्यासाठी भिंतीवरील एखादा फलकही पुरेसा ठरतो. सांगाड्याचे महत्त्व मात्र सांगाडा उभा असेपर्यंतच अभ्यासता येते. म्हणून या वास्तूच्या रक्षणाचा युक्तिवाद टाटांच्या कथेवर नव्हे, तर ऑर्डिशच्या लोखंडी सांगाड्यावर आधारला पाहिजे.