भारत व पाकिस्तानातील बँकांची कार्यक्षमता : एका तुलनेची चिकित्सा

भारत आणि पाकिस्तान यांच्या बँकव्यवस्थेचे मूळ एकच आहे. फाळणीनंतरही जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पुढे भारताने १९६९ व १९८० मध्ये, तर पाकिस्तानने १९७४ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९९० नंतर दोन्ही देश उदारीकरणाकडे वळले. तुलनेस इतके अनुकूल देश क्वचितच सापडतात. अताउल्ला, कॉकरिल आणि ले यांनी २००४ मध्ये 'अप्लाइड इकॉनॉमिक्स'मध्ये प्रसिद्ध केलेला १९८८ ते १९९८ या कालखंडाचा अभ्यास म्हणूनच लक्षणीय ठरतो.

या अभ्यासात 'डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस' ही पद्धती वापरली आहे. कमीत कमी आदानांतून अधिकाधिक उत्पादन देणाऱ्या बँका कार्यक्षमतेची सीमा ठरवतात आणि इतर बँकांचे त्या सीमेपासूनचे अंतर मोजले जाते. लेखकांनी उत्पादनाची व्याख्या दोन प्रकारे केली : एकदा कर्जे व गुंतवणूक, एकदा उत्पन्न. दोन्ही देशांत कार्यक्षमता हळूहळू, विशेषतः १९९५ नंतर, वाढली; परंतु कर्ज देण्यात बँका जेवढ्या कार्यक्षम, तेवढ्या उत्पन्न मिळविण्यात नव्हत्या. ही तफावत लेखक अनुत्पादक कर्जांकडे बोट दाखवून स्पष्ट करतात. अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग हाच.

मात्र काळाच्या तुलनेत एक अडचण उरते. नरसिंहम समितीच्या शिफारशींनुसार भारतात १९९२-९३ पासून उत्पन्न-मान्यतेचे नवे निकष टप्प्याटप्प्याने लागू झाले. वसूल न झालेले व्याज उत्पन्न म्हणून दाखविण्याची मुभा संपली. त्यामुळे उत्पन्नाधारित मोजमापातील चढउतारांपैकी किती बँकेच्या कामाचा आणि किती हिशेबाच्या रीतीचा, हे वेगळे काढणे कठीण होते.

दुसरी अडचण परिस्थितीची. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावाचा विचार करावा. घरातील कर्ता पुरुष मुंबईत वा आखातात, गावी येणारा पैसा ठेवीच्या रूपाने, शेती पावसाळी, कर्जाची मागणी बेताची. अशा परिसरातील शाखेचा कर्मचारी दिवसभर पासबुके भरतो, पैसे देतो-घेतो. पण कर्ज हेच उत्पादन मानले की हे श्रम केवळ खर्च ठरतात. जुलै २००५ किंवा जुलै २०२१ सारखा महापूर आला की थकबाकीही वाढणार. हा दोष व्यवस्थापनाचा म्हणावा काय? फ्रान्स व स्पेन यांच्या तुलनेत डीच व लोझानो-विवास यांनी २००० मध्ये नेमके हेच दाखविले : लोकसंख्येची घनता, दरडोई उत्पन्न अशा घटकांचा समावेश करताच स्पॅनिश बँकांचे मागासलेपण बरेचसे ओसरले.

अर्थात परिस्थितीचा आधार घेऊन कोणतीही ढिलाई झाकता येते, हेही खरे. १९७७ ते १९९० या काळात भारतात बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडावयाची, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडावी लागे. या विस्ताराने ग्रामीण दारिद्र्य घटले, असे बर्जेस व पांडे यांनी २००५ मध्ये दाखविले. त्याच कर्जांची थकबाकी मोठी होती, हेही त्यांनी नोंदविले. अताउल्ला व सहकाऱ्यांच्या दुसऱ्या प्रतिमानात ही थकबाकी उमटते. घटलेल्या दारिद्र्याला मात्र दोहोंपैकी एकाही प्रतिमानात रकाना नाही.