ग्रंथकाराचा हक्क आणि विद्यार्थ्याची गरज

ग्रंथस्वामित्व, म्हणजे ज्याला आपण व्यवहारांत कॉपीराइट म्हणतों, त्याची मर्यादा कोणती हा वाद जुनाच आहे. आशियांतील विकसनशील देशांत त्याला जें नवें रूप आलें, त्याचा विचार मात्र आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाहीं.

२०१२ सालीं ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनीं दिल्ली विद्यापीठावर व त्याच्या आवारांतील एका झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. नेमलेल्या ग्रंथांतील उताऱ्यांच्या छायाप्रतींचीं बाडें तेथें विकलीं जात, ही तक्रार. सप्टेंबर २०१६ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें दावा फेटाळला. ग्रंथस्वामित्व हा ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असा निकालाचा आशय होता. डिसेंबरांत द्विसदस्य पीठानें कांहीं मुद्दे फेरतपासणीस पाठविले खरे. पण १९५७ च्या कायद्यांतील अध्यापनविषयक अपवादाचा उदार अर्थ कायम ठेवला. पानें किती हें पाहावयाचें नाहीं, शिकविण्यासाठीं तीं आवश्यक होतीं काय, हें पाहावयाचें. २०१७ मध्यें प्रकाशकांनीं दावा सोडून दिला.

यास चौर्याचें समर्थन म्हणणाऱ्यांनीं थोडा इतिहास आठवावा. १८९१ पर्यंत अमेरिकेंत परदेशीय ग्रंथकारास स्वामित्वच नव्हतें. १८४२ च्या दौऱ्यांत डिकन्सनें त्याबद्दल केलेली तक्रार प्रसिद्धच आहे. पुढें १९६७ सालीं स्टॉकहोम येथें भारतादि देशांनीं शिक्षणासाठीं सवलत मागितली, तेव्हां मात्र प्रमुख प्रकाशक देशांनीं ती मानली नाहीं. घेणाऱ्याचा न्याय वेगळा आणि देणाऱ्याचा वेगळा, असा हा प्रकार आहे.

तथापि हाच आक्षेप उद्यां आपल्यावरही येईल. भारत आतां केवळ घेणारा राहिलेला नाहीं. माझ्याच एका टीकासंग्रहाची संपूर्ण प्रत एका स्नेह्यानें मला मोठ्या कौतुकानें मोबाइलवर पाठविली, आणि मीं भुंवया उंचावतांच दिल्लीच्या निकालाचा दाखला दिला! मीं वर्गांत छायाप्रती वांटल्या आहेत, म्हणून उत्तर देणें मला प्रथम जड गेलें. पण तो दाखला खोटा आहे. न्यायालयानें विद्यार्थ्याची गरज मानली, वाचकाची सोय नव्हे. ज्याला ग्रंथ विकत घेणें सहज शक्य आहे, त्यानें गरिबाच्या सवलतीआड लपूं नये. लहानशा आवृत्तीवर जगणारा मराठी ग्रंथकार हा कांहीं परदेशांतील बलाढ्य प्रकाशक नव्हे.

विद्यार्थ्यास उतारा मोकळा असावा आणि ग्रंथकारास त्याचें मोल मिळावें. या दोन्ही गोष्टी एकदम मानतां आल्या, तरच आपण अमेरिकेस हंसण्याचे अधिकारी.