‘गेएन्ना’, ‘जहन्नम’ आणि ‘नरक’

नव्या करारातील ‘गेएन्ना’ या ग्रीक शब्दास बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात ‘नरक’ हा प्रतिशब्द योजिलेला आहे. तो आता रूढ झाला आहे. तथापि मूळ शब्दाचा अर्थ त्यात कितपत उतरतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

‘गेएन्ना’ हे मुळात स्थलनाम होय. हिब्रू ‘गे हिन्नोम’ म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेस असलेले हिन्नोमचे खोरे. तेथे मुलांचे अग्नीत बळी दिले जात, म्हणून यिर्मयाने त्यास कत्तलीचे खोरे म्हटले. पुढे यहुदी विचारात तेच नाव पाप्यांच्या दंडस्थानास लाभले. ग्रीकमध्ये येताना अन्त्य ‘म’ लोपला. त्या खोऱ्यात नगराचा केरकचरा सतत जळत असे, ही लोकप्रिय उपपत्ती मात्र इ. स. १२०० च्या सुमाराच्या दाविद किम्हीपूर्वी आढळत नाही. तिच्यावर अर्थनिर्णय उभारणे युक्त नव्हे.

पौराणिक नरक अनेक आहेत, ते यमाच्या सत्तेखाली आहेत आणि तेथील भोग मुदतीचा आहे. कर्मफळ सरले की जीव पुन्हा जन्म घेतो. मत्तयाच्या १० व्या अध्यायात मात्र गेएन्नात आत्मा व शरीर या दोहोंचा नाश सांगितला आहे. त्या कल्पनेत पुनर्जन्मास जागा नाही.

याच हिब्रू नामाचे दुसरे अपत्य नांदेड-लातूरकडील वाचकाच्या कानांवरून नित्य गेलेले आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व उर्दू ही तेथील राजभाषा होती. अरबीतून फार्सी-उर्दूत आलेला ‘जहन्नम’ हा शब्द ‘गेएन्ना’चा सख्खा आप्त होय. परंतु मराठी बोलण्यात तो शिव्याशापापुरता उरला. न्यायनिवाड्याचा अर्थ त्यातून जवळजवळ पुसला गेला. व्युत्पत्तीचे नाते अर्थाची हमी देत नाही, हेच यावरून दिसते.

मराठी भाषांतरकारांचे श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ‘हेडीस’ व ‘गेएन्ना’ या दोहोंस बहुधा एकच शब्द दिला. मराठीने मृतांच्या वसतीस ‘अधोलोक’ व दंडस्थानास ‘नरक’ म्हणून हा भेद राखला. उणीव एवढीच, की जुन्या करारातील हिन्नोमचे खोरे आणि नव्या करारातील नरक यांचा संबंध वाचकास दिसत नाही. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात, शब्दाच्या प्रथम प्रयोगाशीच, एक टीप दिल्यास तो दिसेल. ‘नरक’ हा शब्द टाकण्याचे कारण नाही. त्याच्यामागचे खोरे मात्र झाकले जाऊ नये.