‘फिटेस्ट’ म्हणजे कोण?

हर्बर्ट स्पेन्सर यानें १८६४ सालीं आपल्या जीवशास्त्रावरील ग्रंथांत ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा प्रयोग प्रथम योजिला. पुढें वॉलेसच्या आग्रहावरून डार्विननें तो ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८६९ च्या पांचव्या आवृत्तींत घेतला. आपल्याकडे ‘बळी तो कान पिळी’ असें त्याचें भाषांतर सर्रास केलें जातें. म्हण चटकदार खरी. भाषांतर मात्र साफ चुकीचें आहे.

‘शरीरानें धडधाकट’ हा ‘फिट’चा अर्थ आज फार रुळला आहे, पण तो येथें अभिप्रेत नाहीं. येथें ‘फिट’ म्हणजे परिस्थितीशीं जुळणारा. मदीरा बेटावरील भुंगेऱ्यांचें उदाहरण डार्विननेंच दिलें आहे. तेथील ५५० जातींपैकीं सुमारें २०० जातींना उडतांच येत नव्हतें. जे भरारी मारीत ते वाऱ्याबरोबर समुद्रांत जात. खुरट्या पंखांचे मागें राहिले आणि जगले. येथें कोणीं कोणाचा कान पिळला? आजचे जीवशास्त्रज्ञ तर ‘फिटनेस’ मोजतात तो पुढील पिढींतील संततीच्या वांट्यावरून. दंडाच्या बेटकुळ्या कोणी मोजीत नाहीं.

गंमत अशी कीं, शिंप्याच्या दुकानांत हा शब्द शुद्ध राहिला आहे. कोट फिट बसला म्हणजे या अंगाला बसला. शेजाऱ्याच्या अंगावर तोच ढगळ. (‘फिट येणें’ यांतील फिट निराळाच, त्याची गांठ येथें घालूं नये.)

परंतु डॉक्टरी दाखल्यावर नुसतें ‘अनफिट’ लिहिलेलें असलें म्हणजे माणूस घरच्यांच्याही नजरेंतून उतरतो. तांबडा-हिरवा रंग न ओळखणारास आगगाडी चालवूं देऊं नये, हें रास्तच. पण हिशेबाच्या वह्या लिहितांना त्याचें काय अडणार? ‘कशास?’ हा प्रश्न गाळला कीं, एका कामापुरता दिलेला निर्णय सबंध माणसावर शिक्का होऊन बसतो. गरिबाला व दुबळ्याला सृष्टिनियमाच्या नांवाखालीं बाजूस सारणारे लोक याच गाळलेल्या प्रश्नावर जगतात.

मग मराठींत काय म्हणावें? ‘योग्य’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणें या धातूपासून निघालेला, म्हणजे मुळांत अगदीं नेमका. पण ‘त्याची योग्यता मोठी’ म्हणतां म्हणतां आपण त्याला थोरवीचा अर्थ चिकटविला, आणि ‘योग्यतम’ पुन्हां श्रेष्ठाकडेच घसरतो. मला ‘अनुरूप’ बरा वाटतो. वधूवरांच्या बोलण्यांत तो शब्द निघाला कीं ‘कोणाला?’ हें ओघानें येतेंच. ‘अनुरूपतम’ कानाला जड लागेल. ‘अनुरूपांचा टिकाव’ हें मात्र शाळेंतील मुलासही सहज उच्चारतां येईल.