संशयाचा व्यापार आणि साक्षीचे मोल

नेओमी ओरेस्केस व एरिक कॉनवे या अमेरिकन विज्ञान-इतिहासकारांचा ‘मर्चंट्स ऑफ डाउट’ हा ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला. संशयाचा व्यापार करणाऱ्यांची ही कथा आमच्या वाचकांनीही विचारात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

ग्रंथाचे प्रतिपादन सरळ आहे. तंबाखू, आम्लवर्षा, ओझोनचा थर आणि पृथ्वीची तापमानवाढ या वेगवेगळ्या वादांत ‘पुरावा अपुरा आहे’ असे सांगणारी माणसे पुष्कळदा तीच होती. विरुद्ध मत सिद्ध करण्याची त्यांना गरज नव्हती. निर्णय लांबणीवर पडला की काम झाले. फ्रेडरिक साइट्झ हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. पुढे ते एका तंबाखू कंपनीचे सल्लागार झाले. १९९८ साली तापमानवाढ नाकारणारे एक निवेदन त्यांच्या पत्रासह शास्त्रज्ञांकडे धाडण्यात आले. सोबतचा लेख अकादमीच्या नियतकालिकासारखा छापलेला होता. या निवेदनाशी आपला संबंध नाही, असा खुलासा अकादमीलाच करावा लागला.

लेखकांनी मूळ कागदपत्रे धुंडाळून ही साखळी जोडली, हे ग्रंथाचे बळ. परंतु त्यातून वाचकाला एक सोपी सवय लागण्याचा धोका आहे: पैसा कोणाचा हे कळले की मत खोटे ठरवून मोकळे व्हायचे. तसे नसते. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर तापमानाच्या नोंदींविषयी साशंक होते. त्यांच्या प्रकल्पाच्या निधीत तेल-उद्योजक चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचाही वाटा होता. तरीही नोंदी तपासून २०१२ साली त्यांनी जाहीर केले की, तापमानवाढ खरी आहे आणि तिला जवळजवळ सर्वस्वी मनुष्यच कारण आहे. निधीचा उगम पाहून आपण सावध व्हावे. निर्णय मात्र पुराव्यावर करावा.

संशयवादी गॅलिलिओचा दाखला देतात. १६३३ साली त्याला दोषी ठरवणाऱ्या न्यायाधीशांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केली. पण गॅलिलिओ एकटा पडला म्हणून तो बरोबर ठरला नाही. त्याच्यापाशी दुर्बिणीतून केलेली निरीक्षणे होती.

हा प्रश्न परका नाही. २०२३ च्या ‘लाउदाते देऊम’ या बोधपत्रात पोप फ्रान्सिस यांनी, हवामानबदलाविषयी तुच्छतेने बोलणारी मते ख्रिस्तसभेतही आढळतात, अशी खंत व्यक्त केली. खोटी साक्ष देऊ नये, असे आठवी आज्ञा बजावते. ऐकलेली गोष्ट न पारखता पुढे सांगणारा त्या आज्ञेपासून किती दूर असतो? या ग्रंथाने आम्हांपुढे ठेवलेला खरा प्रश्न हाच आहे, आणि तो प्रत्येक धर्मग्रामातील कुटुंबाने स्वतःला विचारावा.