‘हरवलेली पिढी’ : एका संज्ञेची पाठचिकित्सा

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसांत जमलेल्या अमेरिकन लेखकांस मिळालेली ‘हरवलेली पिढी’ ही संज्ञा आमच्याकडील कांहीं टीकाकार मराठी लेखकांसही लावतात. पोथींतील पाठ ज्या कसोटीवर आपण घासून पाहतों, त्याच कसोटीवर ही संज्ञा घासून पाहावी असें आम्हांस वाटतें.

हेमिंग्वे यांनीं १९२६ सालीं आपल्या कादंबरीच्या आरंभीं हे शब्द गर्ट्रूड स्टाइन यांच्या नांवावर छापले. पण ते मूळचे बाईंचेही नव्हत. हेमिंग्वे यांच्या मृत्यूनंतर १९६४ सालीं निघालेल्या आठवणींत एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्याचा मालक आपल्या तरुण कारागिरावर रागावून ते फ्रेंच भाषेंत बोलतो. खुद्द स्टाइन यांच्या १९३७ सालच्या ग्रंथांत मात्र बोलणारा हॉटेलचा मालक आहे. म्हणजे ऐकीव पाठ, आणि त्यालाही पाठभेद! दोन्ही पाठांत एवढें समान कीं, बोल लावला गेला तो युद्धावर जाऊन आलेल्या सामान्य माणसास. लेखक त्याचे वारस मागाहून झाले.

आतां मराठीकडे वळूं. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरींत रणांगण नाहीं, आगबोट आहे. मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ (१९४७) मधील विषाद खरा आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांतून कवि निर्दोष सुटले, हेंही सर्वश्रुत आहे. परंतु तो विषाद नगरांतल्या माणसाचा आहे, खंदकांतून परतलेल्याचा नव्हे. त्या कवितेस लागलेलें ‘नव’ हें विशेषण अर्थानें तोकडें असलें तरी निदान घरचें आहे. उसनी संज्ञा कशास हवी?

धातुपाठांत ‘नश्’ धातूचा अर्थ ‘अदर्शन’ असा दिला आहे. ‘नष्ट’ म्हणजे मूळांत दिसेनासें झालेलें. या अर्थानें हरवलेली पिढी आमच्याकडे आहेच. कूतच्या वेढ्यांत १०३ व ११० या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें तेथें शरणागति पत्करावी लागली. १११ वी महार पलटण १९१७ सालीं उभारली आणि १९२१ सालीं मोडली. तींतील शिपायांस घरीं परततांना काय वाटलें असेल? फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें सरकारी तपासनीस वाचीत व त्यांतील उतारे इंग्रजींत करून ठेवीत. त्यांत मराठी पत्रांचेही आहेत. ते उतारे लंडनच्या दप्तरांत राहिले. मराठी शब्द मात्र बहुतेक गेले.

भंडारा-पवनीकडील संग्राहक महानुभाव पोथ्यांसाठीं घरोघर फिरतात. नीळभट भांडारेकारांच्या गांवीं तें शोभतेंही. पण पोथीच्या रुमालांतून पलटणीच्या शिक्क्याचें एखादें कार्ड निघालें, तर ‘अर्वाचीन’ म्हणून तें बाजूस टाकलें जातें. कित्येकदां पोथी विकत घेतली जाते आणि कार्ड घरधन्याच्या चुलींत जातें. ही चाल बंद व्हावी. असा कागद मिळाल्यास त्यावरील शिक्का, तिथि व गांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें. मजकूर शिपायाच्या हातचा आहे कीं पलटणींतील कोणा लिहिणाऱ्याकडून लिहवून घेतलेला, हें अक्षरावरून ठरवून तेंही यादींत नोंदावें.