निबंधाचा साचा : उपयोग आणि मर्यादा

शालेय मराठी निबंधाचे वर्णनात्मक, आत्मकथनपर, कल्पनाप्रधान, वैचारिक असे प्रकार शिकवले जातात. परंतु या सर्वांच्या मुळाशी प्रस्तावना, विषयविवेचन आणि समारोप हा एकच साचा असतो. अमेरिकेतील शाळांत एक प्रस्तावना, तीन मुद्दे व एक समारोप असा पाच परिच्छेदांचा निबंध शिकवतात. त्यामागचे तत्त्वही हेच आहे. हा साचा घेऊन विद्यार्थी महाविद्यालयात येतो आणि तेथे त्याचे लेखन ‘घोकलेले’ ठरते. ज्या साच्यामुळे तो दहावी उत्तीर्ण झाला, त्याच साच्यामुळे त्याला स्वतंत्र विचार नाही असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष कितपत न्याय्य आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

प्रथम साच्याची बाजू पाहिली पाहिजे. बेळगाव वा हैदराबादसारख्या ठिकाणी घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात कन्नड अथवा तेलुगू आणि वहीत मराठी अशी अवस्था असलेले विद्यार्थी असतात. निबंध लिहिताना त्यांना काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. साचा यांपैकी क्रमाचे ओझे कमी करतो. ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत त्यांच्यासाठी तर तो लेखनाचा पहिला उंबरठा असतो. शिवाय साचा म्हणजे कृत्रिमता असेही नाही. खुतब्यात हम्द व सलात झाल्यावर ‘अम्मा बाद’ म्हणून खतीब मूळ विषयाकडे वळतो. ही रचना ठरलेली आहे म्हणून खुतबा निर्जीव होत नाही. उलट ऐकणाऱ्याचे लक्ष नेमक्या ठिकाणी स्थिर होते.

मग दोष कोठे आहे? तो ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ‘नदीचे आत्मवृत्त’ या निबंधात नदीच्या जागी वृक्ष घालून पाहावा. जन्म, उपकार, माणसाची कृतघ्नता आणि शेवटी उपदेश हा क्रम जसाच्या तसा टिकतो. दोन-चार शब्द बदलताच नवा निबंध तयार होतो. याचा अर्थ लेखकाने नदीकडे पाहिलेलेच नाही. वैचारिक निबंधात हा दोष अधिक गंभीर होतो. ‘स्त्रीशिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर व्यक्तीला लाभ, कुटुंबाला लाभ, देशाला लाभ असे तीन मुद्दे ठरलेले असतात. महाविद्यालय दूर असल्यामुळे एखाद्या मुलीचे शिक्षण थांबले, तर त्या वास्तवाला या तीन मुद्द्यांत जागा सापडत नाही. लिहिणारी कदाचित तीच मुलगी असते. परंतु तिला ठाऊक असलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्या निबंधाबाहेर राहते.

या प्रश्नाचा मार्मिक विचार इब्न खल्दून यांच्या १३७७ मधील ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात आढळतो. काव्यरचनेची चर्चा करताना ते शैलीला विणकराच्या मागाची आणि साच्याची उपमा देतात. परंतु हा साचा नियम पाठ करून मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उत्तम रचना पुष्कळ पाठ कराव्यात आणि मग त्या विसराव्यात. शब्द विसरले की मनावर केवळ घडण उमटून राहते. शालेय पद्धतीत याच्या नेमके उलट घडते. विद्यार्थी एकही समग्र निबंध वाचत नाही. मार्गदर्शिकेतील मुद्दे मात्र पाठ करतो आणि ते विसरण्याची मुभा त्याला कधीच मिळत नाही.

निबंधाचा इतिहासही याला दुजोरा देतो. माँतेन यांनी १५८० मध्ये आपल्या लेखनाला जे नाव दिले त्याचा अर्थच ‘प्रयत्न’ असा आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये ‘तहजीबुल अखलाक’ सुरू केले तेव्हा ॲडिसन व स्टील यांच्या इंग्रजी नियतकालिकांचा नमुना त्यांच्यापुढे होता. विषय मात्र आपल्या समाजाचे होते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तही विषयाप्रमाणे निबंधाची लांबी व मांडणी बदलते. नमुना तिघांनाही वर्ज्य नव्हता. पण विषयाला नमुन्याच्या मापाने कापण्याचे कारण त्यांना पडले नाही.

म्हणून महाविद्यालयीन अध्यापकाने साचा मोडून काढण्याची घाई करू नये. त्याची जागा बदलावी. विद्यार्थ्याकडून मधला भाग प्रथम लिहून घ्यावा आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. स्वतः पाहिलेली किमान एक गोष्ट त्यात यावी. आपल्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा एका परिच्छेदात मांडावा, आणि समारोपात आधीचेच पुन्हा न सांगता कोणता प्रश्न शिल्लक राहिला ते लिहावे. प्रारंभी भाषेच्या चुका वाढतील, परिच्छेद विस्कळीत होतील. गुणदान करताना या विस्कळीतपणाला काही काळ सवलत द्यावी लागेल. निर्दोष पण रिकाम्या निबंधाला जोपर्यंत अधिक गुण मिळतात, तोपर्यंत कोणताही शहाणा विद्यार्थी साच्याबाहेर पाऊल टाकणार नाही आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येणार नाही.